बहिणींची नोंद होत नाही

नोंदणी कार्यालयाच्या खिडकीपाशी दोघी उभ्या होत्या. थोरलीने कागदांची पिशवी छातीशी धरली होती. धाकटी मात्र चालत्या बसमध्ये उभं राहावं तशी पाय जरासे फाकवून, एक हात खिडकीच्या कठड्यावर टेकून निवांत उभी होती. तिला धाप लागली होती, पण ती धाप तिने चेहऱ्यावर येऊ दिली नव्हती.

कारकुनाने दोघींची ओळखपत्रं पाहिली. मग उलटसुलट करून पुन्हा पाहिली.

"वडिलांचं नाव एकच आहे."

"हो," धाकटी म्हणाली.

"आईचंही."

"तेही एकच."

"म्हणजे तुम्ही सख्ख्या बहिणी."

"नाही ना. तेच सांगायला आलोय."

कारकुनाने थोरलीकडे पाहिलं. ती उंच, शांत, चष्म्यातून समोरच्याला तोलणारी; लोकांना नेहमी तीच शहाणी वाटायची. "हे बघा बाई," तो तिला म्हणाला, "जोडीदार म्हणून नोंद करायचा कायदा येऊन तीन वर्षं झाली. दोन बायकांची होते, दोन पुरुषांचीही होते. बहिणींची नोंद होत नाही."

थोरलीला एकदम हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं म्हणून लाजही वाटली. तीन वर्षं ती हा दिवस टाळत आली होती. 'आता या वयात काय करायचंय', 'गुडघा दुखतोय', 'थंडी सरू दे'. शेवटी डॉक्टरांनी धाकटीच्या फुप्फुसांचा फोटो उजेडासमोर धरला आणि एकेक डाग बोटाने दाखवला, तेव्हा कुठे थोरलीने कागद शोधायला कपाट उघडलं.

त्या दोघी बहिणी कशा झाल्या, हे सांगायला अडतीस वर्षं मागे जावं लागेल.

थोरली तेव्हा एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायची. समोर फिरतं चाक, त्यावर पाण्याची बारीक धार, आणि नखांमध्ये कायमचा बसलेला करडा गाळ. धाकटी नुकतीच या शहरात आली होती आणि मिळेल ते काम करत होती. दोघींची गाठ पडली ती टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या खोलीत. दुकान रविवारी बंद असायचं. दुपारी दोनपासून त्या खोलीत बायका जमायच्या. कोणी परिचारिका, कोणी शिक्षिका, एक तर चक्क न्यायाधीशांची टंकलेखिका. पत्ते खेळायच्या, भांडायच्या, एकमेकींचे केस कापायच्या. खिडकीचा पडदा कधी उघडायचा नाही, जिन्यावर दोघींनी एकदम चढायचं नाही, आणि कोणी खरं नाव विचारायचं नाही, एवढेच नियम. पुरुषांची अशीच एक जागा नदीपलीकडे होती, तिच्यावर एकदा पोलिसांची धाड पडली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात अकरा जणांची नावं आली, त्यापुढे त्यांच्या कामाचे पत्ते. आठवड्याभरात अकराही जणांचं काम सुटलं. त्यातल्या एकाने जगणंच सोडलं.

त्यानंतर मावशीने मनावर घेतलं.

मावशी म्हणजे सगळ्यांचीच मावशी. जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या खात्यात तिने तीस वर्षं काढली होती. ठेंगणी, पान उलटताना बोट जिभेला लावणारी, ताकास तूर लागू न देणारी बाई. तिचं म्हणणं साधं होतं. "मैत्रिणींना कोणी खोली देत नाही. बहिणींना देतात. शिवाय बहिणी भांडल्या तर कोणाला नवल वाटत नाही, आणि नाही भांडल्या तर लोक कौतुक करतात." मग ती खात्यातल्या मोठ्या वहीत एखादी जागा शोधायची, शाईचा रंग जुळवायची, आणि कोणाच्या तरी आईबापांना एक जास्तीची मुलगी व्हायची. तिने अशा किती जोड्या जमवल्या कोणास ठाऊक. नदीपलीकडचे दोन न्हावी काका-पुतणे झाले. एका शिक्षिकेला नणंद मिळाली. "माझ्या हातून इतक्या लोकांना नातेवाईक झालेत," मावशी म्हणायची, "की मी मेल्यावर सुतक कोणी पाळायचं यावरून भांडणं होतील."

नातं लावून दिलं की मावशी परीक्षा घ्यायची. वडिलांचा धंदा कोणता? आईच्या कोणत्या हाताला भाजल्याचा डाग? लहानपणी दोघींपैकी विहिरीत कोण पडलं होतं? खोटं बोलायचं तर खऱ्याच्या कडेकडेने चालावं, हा तिचा नियम. म्हणून धाकटीला थोरलीचेच आईवडील दिले. धाकटीला तसेही कोणी नव्हते. ती अनाथाश्रमात वाढलेली. आणि उंचीने ती थोरलीच्या खांद्याएवढी, म्हणून मावशीने तिला कागदावर दोन वर्षांनी धाकटी केली. खरं म्हणजे ती दोन वर्षांनी मोठी होती.

"चार वर्षांचा फायदा झाला," धाकटी तेव्हा हसली होती. "आजच जन्मले म्हण की!"

त्या कागदांवर तिला बस कंपनीत कंडक्टरची नोकरी लागली. आणि त्याच कागदांमुळे, निवृत्त व्हायच्या वयाला पोचूनही तिला चार वर्षं जास्त काम करावं लागलं. पहाटेच्या फेऱ्या, डेपोतला धूर, उभ्याने खाल्लेले डबे. त्या चार वर्षांतच खोकला सुरू झाला. धाकटीने कधी बोलून दाखवलं नाही. थोरली मात्र तिला खोकताना ऐकायची तेव्हा मनातल्या मनात एक, दोन, तीन, चार असं मोजायची.

कारकून वाईट नव्हता. त्याने आतल्या साहेबाला विचारून मार्ग सांगितला. वहीतली जुनी नोंद खोटी आहे, असं रक्ताच्या नातेवाइकाने लिहून द्यायचं. मग ती नोंद रद्द होईल. मग जोडीदार म्हणून अर्ज घेता येईल, दोघींची नावं तीस दिवस फलकावर लागतील, कोणाची हरकत आली नाही तर नोंद.

"पण एक लक्षात घ्या," तो म्हणाला, "जुनी नोंद लगेच रद्द होणार आणि नवी तीस दिवसांनी होणार. मधल्या काळात कागदोपत्री तुम्ही एकमेकींच्या कोणी नाही. आणि त्या काळात कुठेही बहीण म्हणून सही केलीत तर अर्ज बाद."

"तीस दिवस ना?" धाकटी म्हणाली. "काढू की."

बाहेर पायऱ्यांवर ती बसली. दम परत यायला पाच मिनिटं लागली.

"कशाला हवंय हे सगळं?" थोरली म्हणाली. "आहे ते चाललंय ना? खोली आहे. दवाखान्यात मला आत सोडतात. अडतीस वर्षं कोणी बोट ठेवलं नाही."

"मी मेले की माझ्या कागदावर तुझ्या बापाचं नाव लागणार," धाकटी म्हणाली. "चांगला माणूस असेल बिचारा, मी त्याला कधी पाहिलं नाही. मला त्याची म्हणून जायचं नाही. तुझी म्हणून जायचंय. एकदाच, कुठेतरी, खरं लिहिलेलं असू दे."

रक्ताचा नातेवाईक एकच उरला होता. थोरलीचा दादा.

दादाचं रंगाचं दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. सतरा वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हा वारसांची यादी काढताना त्याला पहिल्यांदा कळलं की वडिलांना आणखी एक मुलगी आहे. त्याने थोरलीला शिव्यांनी भरलेलं एक पोस्टकार्ड टाकलं होतं, उघडंच, पोस्टमननेही वाचावं असं. त्यानंतर काही नाही.

थोरली दुकानात शिरली तेव्हा तो डब्यात रंग ढवळत होता. दोन गिऱ्हाइकं बाकावर बसली होती. दादा म्हातारा झाला होता. चष्म्यातून बघताना मान डावीकडे कलती करत होता. उजवी काच फ्रेममध्ये फिरून बसली आहे, हे तिच्या एका नजरेत लक्षात आलं. पाच मिनिटांचं काम. तिने हात पिशवीवरच ठेवला.

"काय काम काढलंस?"

कशासाठी ते सोडून बाकी तिने सांगितलं. ती घाबरत होती की तो नाही म्हणेल. पण दादाचा चेहरा उजळला.

"म्हणजे ती आपली कोणी नाही, असं लिहून द्यायचं?"

"हो."

"अगं, आनंदाने! सतरा वर्षं हेच ओरडतोय मी, कोणी ऐकत नव्हतं." त्याने हात पुसले, कागद ओढला, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागला. "सदर बाईचा आमच्या घराण्याशी काडीमात्र संबंध नाही, नव्हता व नसेल." बाकावरच्या गिऱ्हाइकांकडे पाहून म्हणाला, "कसं वाटतं? 'काडीमात्र' ठेवू ना?"

"ठेवा की," एक गिऱ्हाईक म्हणालं. त्याला काय माहीत.

"सही कर दादा. आणि तारीख घाल."

त्याने सही केली, झोकात, खाली दोन रेघा मारून. कागद देताना क्षणभर त्याने तो सोडला नाही. "आणि हे घेऊन तू करणार काय?"

"तिच्याशी नोंद करणार. जोडीदार म्हणून."

दादाचा हात खाली आला. त्याने इतका वेळ जो कागद तिच्या तोंडावर मारल्याच्या आनंदात लिहिला होता, तोच तिला हवा होता, हे त्याला आत्ता कळलं. पण कागद आता तिच्या हातात होता. ती दुकानाच्या पायऱ्या उतरली. मागून हाक आली नाही. तिला वाटलं होतं, येईल.

दुसऱ्या दिवशी जुनी नोंद रद्द झाली आणि नावं फलकावर लागली.

पाचव्या दिवशी खालच्या मजल्यावरची शिलाईवाली वर आली. नातवाच्या जन्माचा दाखला आणायला ती त्याच कार्यालयात गेली होती. अडतीस वर्षांपासूनची शेजारीण. यांच्या खोलीची एक किल्ली तिच्या खिळ्यावर असायची. ती दारातच उभी राहिली.

"फलकावर तुमची नावं आहेत."

"हो गं. ये ना आत," धाकटी खाटेवरून म्हणाली.

"तुम्ही कशा राहता ते मला काही नको सांगूस. जगात काय काय असतं ते मलाही कळतं, मी काही बोळ्याने दूध पीत नाही." तिचा आवाज चिरकला. "माझी बहीण गेली तेव्हा तू माझ्यापाशी तीन दिवस बसलीस. तुझ्या आईच्या शेवटच्या दिवसांचं सांगितलंस. ती तुझे केस विंचरायची, शेवटी हात उचलत नव्हता तरी नुसती फणी हातात धरून बसायची. मी तुझ्या आईसाठी रडले गं. ती कोणाची आई होती?"

खाली कोणीतरी नळ सोडून ठेवला होता, त्याचा आवाज येत राहिला.

"हिची," धाकटी शेवटी म्हणाली. "फणीचं मी मनाने घातलं. मला आई नव्हती, म्हणून मला ती खूप नीट दिसायची."

शिलाईवालीने कमरेला खोचून आणलेली त्यांची किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि ती निघून गेली. जिन्यात भेटली तरी पुढे काही दिवस ती भिंतीकडे बघून जायची. कोणी हरकत घेईल का, ही भीती थोरलीला घरी बसू देत नसे. ती संध्याकाळी कार्यालयावरून जाऊन फलक बघून यायची. नावं जागेवर असायची. काचेआड, शेजारी शेजारी, आणि मध्ये 'बहीण' हा शब्द नव्हता. इतक्या वर्षांत तिने कधी दोघींची नावं अशी नुसती पाहिली नव्हती. तिला ती उघडी वाटायची, अंगावर काही न घेता रस्त्यात उभी असल्यासारखी. तरीही ती रोज जायची.

सव्विसाव्या दिवशी सकाळी चहा गाळताना थोरलीला मागे काहीतरी पडल्याचा आवाज आला. धाकटी खाटेच्या कडेला अर्धी खाली घसरली होती. ओठ निळसर. तोंड उघडं, पण हवा आत जात नव्हती. थोरली जिन्यात धावली, आणि तोंडातून काय निघालं ते तिलाही कळलं नाही. शिलाईवाली हातात कात्री तशीच घेऊन वर आली. तिनेच गाडी बोलावली, तिनेच धाकटीचे पाय धरले, आणि गाडीत तीच समोर बसली.

दवाखान्यात धाकटीला आत नेलं. दारावर पाटी होती: आत थांबायला फक्त रक्ताचं नातं किंवा नोंदलेला जोडीदार. इतरांना भेटायची वेळ चार ते पाच.

टेबलामागच्या मुलीने अर्ज पुढे सरकवला. "रुग्णाशी नातं?"

थोरलीच्या पिशवीत जुनी ओळखपत्रं होती, एकाच बापाच्या नावाची. आतून धाकटीच्या श्वासाचा आवाज येत होता, करवत ओल्या लाकडात अडकावी तसा. चार दिवस. फक्त चार दिवस राहिले होते. पण आत्ता सकाळचे नऊ वाजले होते आणि चार वाजायला सात तास होते, आणि ते सात तास धाकटीकडे आहेत की नाही हे कोणीच सांगत नव्हतं.

तिने लिहिलं, 'बहीण'. खाली सही केली. इतकी वर्षं केलेली सही; हाताने ती आपोआप केली. शिलाईवाली मागे उभी होती. तिने ते वाचलं. तिच्या चेहऱ्यावर दया होती की राग, हे वळून बघायचा थोरलीला धीर झाला नाही.

आत धाकटीच्या नाकाला नळी होती. ओठांचा रंग परत आला होता. थोरली स्टुलावर बसली आणि तिचा हात धरला. तासाभराने धाकटीने डोळे उघडले.

"तुला आत कसं सोडलं?"

थोरली चादरीची घडी सारखी करू लागली.

"ए. माझ्याकडे बघ. काय लिहिलंस?"

"तू बोलू नकोस."

"चार दिवस दम धरता आला नाही तुला?"

"तुला धरता येत नव्हता म्हणून," थोरली म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

तेवढ्यात परिचारिका औषधाचा तक्ता घेऊन आली. "बहीण ना तुम्ही? जरा या बाजूला सरका, यांना सुई द्यायची आहे."

धाकटीने नाकाची नळी ओढून काढली. मग ती बोलली, आणि तो आवाज खच्चून भरलेल्या बसमध्ये मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत पोचवायचा आवाज होता. इतक्या दिवसांत तो कोणी ऐकला नव्हता.

"ती माझी बहीण नाही!"

आठ खाटांवरची आठ डोकी वळली.

"अहो आजी, नळी..."

"तिने घाबरून लिहिलंय. तो कागद फाडा. सांगते ना मी, शुद्धीवर आहे, फाडा."

"त्यांची सही आहे त्यावर," परिचारिका गोंधळून म्हणाली. "मग नात्याच्या रकान्यात काय लिहू?"

"रिकामा ठेवा. चार दिवसांनी विचारा."

"पण मग यांना बाहेर जावं लागेल. नियम आहे."

"माहीत आहे मला," धाकटी म्हणाली. एवढ्या बोलण्याने ती पांढरी पडली होती. थोरलीचा हात तिने घट्ट धरला होता. तो तिने एकेक बोट उलगडून सोडला. "जा गं. जा आता. इतके दिवस काढलेत, ते फुकट घालवू नकोस."

परिचारिकेने जाऊन अर्ज आणला, दोघींच्या देखत फाडला, आणि थोरलीला दारापर्यंत सोडायला आली. दार मिटलं. वरच्या बाजूला काचेचा चौकोन होता, पण थोरली उंच असूनही तिला त्यातून सहज दिसत नव्हतं. टाचा उंचावून ती पाहत राहिली, पोटऱ्या दुखेपर्यंत.

बाकावर शिलाईवाली अजून बसलेली होती. मांडीवर कात्री. थोरली तिच्या शेजारी बसली.

"ओरडणं बाहेरपर्यंत आलं," शिलाईवाली म्हणाली.

"हो."

"मूर्ख आहे ती." मग कात्री उचलत, "तुम्ही दोघीही." ती उठली. तिला एका गिऱ्हाइकाचा झगा बारापर्यंत द्यायचा होता. परत येईन म्हणाली नाही, आणि आलीही नाही.

थोरली रोज चारला आत जायची, रांगेत, इतरांबरोबर. पाचला घंटा झाली की इतरांबरोबर उठायची. उरलेले तेवीस तास ती बाकावर असायची किंवा घरी, आणि घरी तर तिला मोजायला खोकलाही नव्हता. धाकटीचा श्वास एक दिवस बरा असायचा, एक दिवस नाही. डॉक्टर तिला काही सांगत नव्हते. ती कोण, हे त्यांच्या कागदावर नव्हतं.

एकोणतिसाव्या दिवशी ती धाकटीच्या कानाशी वाकली. "हरकत नाही आली कोणाची. कारकून उद्या वही घेऊन इथे येणार आहे. सकाळी दहाला."

धाकटीने डोळे मिटूनच विचार केला. बोलायला तिला आता प्रत्येक शब्दामागे थांबावं लागत होतं.

"दहाला... तुला आत कोण सोडणार?"

थोरलीच्या हे डोक्यातच आलं नव्हतं.

"चारला बोलव त्याला."

"त्याचं कार्यालय आज साडेपाचला बंद होतं."

"मग बसलीस काय? पळ."

"अजून वीस मिनिटं आहेत ना आपली."

"पळ म्हणते ना."

थोरली उठली. बाकीचे अजून आपापल्या माणसांपाशी बसले होते, कोणी केस सारखे करत होतं, कोणी नुसतंच बसलं होतं. ती दारातून बाहेर पडली आणि जिना उतरू लागली. आधी कठडा धरून, मग कठडा सोडून.